एकाच गळ्याचे दोन आवाज

ताईला पुष्पगुच्छ देताना संग्रहालयाचा संचालक कमरेत इतका वाकला, की धाकटीला वाटलं, आता हा काही सरळ होत नाही. पहिल्या रांगेच्या टोकाला बसून ती सगळा तमाशा बघत होती. समोर काचेच्या पेटीत एक काळी तबकडी आणि खाली पितळी पाटी: 'गायिकेने स्वतःच्याच आवाजाला साथ दिलेली पहिली ध्वनिमुद्रिका.'

पहिली म्हणे! या मंडळींना 'पहिली' एवढा शब्द मिळाला की पुरे. मग पेटीत शेणाची गोवरी ठेवली तरी काच पुसत बसतील.

खरं काय ते धाकटीला ठाऊक होतं. तबकड्या काढणाऱ्या कंपनीने तेव्हा नवं यंत्र आणलं होतं. आधी एक आवाज टेपवर घ्यायचा, मग तोच हेडफोनमधून ऐकत गायिकेने वरून दुसरा गायचा. यंत्र चांगलं होतं, नडली ती ताई. स्वतःचा आवाज कानावर पडला, की ती गायचं सोडून ऐकतच बसायची. डोळे मिटलेले, मान डोलतेय, तोंडावर हसू. ध्वनिमुद्रकाने हात जोडले, मालक ओरडला, तरी तेच. स्वतःवर एवढं प्रेम असलेलं माणूस कुणाला साथ काय देणार, कपाळ? शेवटी यंत्र बंद करून, ताईचा डबा घेऊन आलेल्या धाकटीला तिच्या शेजारी एकाच माइकसमोर उभं केलं. सख्ख्या बहिणी, गळा एकाच घडणीचा. 'एकाच गळ्याचे दोन आवाज' अशा जाहिराती आधीच छापून झाल्या होत्या, म्हणून धाकटीला तोंड बंद ठेवायला सांगितलं. तिने ते ठेवलं. ताई मात्र त्या गाण्यावर जन्मभर मिरवली. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर फणा काढून मुलाखती.

हा आवाज तुझा, असं एकदा तरी कुणीतरी म्हणावं, एवढंच धाकटीला हवं होतं. ताईच्या तोंडून ते येणार नाही, हे ती कधीच समजून चुकली होती.

"मॅडम, गाणं लावतो. तेव्हासारखीच साथ द्याल?" संचालकाने ताईला विचारलं.

ताई हो म्हणाली. तिला कुठे नाही म्हणता येतं? गाणं सुरू झालं, तिने दोन ओळी गायल्या, मग डोळे मिटले, मान डोलायला लागली. स्वतःलाच ऐकत उभी. सभागृहात कुजबुज झाली आणि बहिणीची फजिती झाकायची जन्माची सवय, धाकटी खुर्चीतूनच गायला लागली. आवाज थकला होता, पण तबकडीतल्या दुसऱ्या आवाजावर तो असा चपखल बसला, की माना ताईकडून तिच्याकडे वळल्या.

कार्यक्रम आटोपल्यावर संचालक तिला खिडकीपाशी घेऊन गेला. "आजी, तो दुसरा आवाज तुमचा?"

ताईला मॅडम आणि हिला आजी!

"तसं असेल तर पंचाईत आहे," तो हळूच म्हणाला. "मग ते दोन बहिणींचं साधं गाणं झालं. तशी ढिगाने आहेत. पेटीतून काढावं लागेल. उद्या लोकांसाठी दार उघडायचंय. तुम्ही 'माझा नाही' म्हणालात तर तुमचा आवाज कायमचा इथे राहील."

"कुणाच्या नावाने?"

तो पाटीकडे बघत राहिला. त्याला निदान लाज वाटली, हे धाकटीला नवलच वाटलं.

"माझा आहे," ती म्हणाली. "काढा ती तबकडी."

ताईसमोरच पेटीचे स्क्रू काढले गेले. परतताना टॅक्सीत ताई पुष्पगुच्छ मांडीवर घेऊन रडत होती. धाकटीला तिची जराही दया आली नाही, आणि न आल्याचं वाईटही वाटलं नाही.

"माझं एवढं एकच मागे राहणार होतं, तेही घालवलंस," ताई म्हणाली. "आणि तुला काय मिळालं गं? तो आवाज आता कुणाचाच नाही."

"चालेल," धाकटी म्हणाली. "तुझा नाही, एवढं पुरे आहे मला."