माझं लाल-निळं हृदय

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, हात धुवायच्या बेसिनशेजारी माझी जागा आहे. चालू झालो की माझा पंखा घरघरतो, म्हणून मुलं मला ‘दमेकरी’ म्हणतात. म्हणू देत.

मी नवा होतो तेव्हा माझा थाट काही और होता. माझ्या पडद्यावर एक हृदय धडधडतं. कळ दाबली की त्याच्या झडपा उघडतात, औषध दिलं की ठोके मंदावतात. धमन्यांत लाल रक्त, शिरांत निळं. पुस्तकातल्या चित्राशी झटापट करून कंटाळलेल्यांना माझ्यापुढे चुटकीसरशी उमगायचं. शिकवणाऱ्या मॅडम माझं तोंडभरून कौतुक करायच्या. पुढे सडपातळ नवे संगणक आले आणि माझ्यावर धूळ साचू लागली. एक मुलगी मात्र माझ्याकडेच यायची, कारण इथे गर्दी नसे.

एका दुपारी ती वॉर्डातून आली ती रडवेली होऊनच. मॅडम माझ्याजवळच उभ्या होत्या. पहिल्यांदाच तिला एका आजोबांचं रक्त काढायला सांगितलं होतं. नळीत लाल रक्त दिसताच, धमनीलाच टोचलं असं वाटून तिने दंडाला आवळलेला पट्टा न सोडताच सुई उपसली. कातडीखाली रक्त साकळून आजोबांचा हात काळानिळा झाला. शिरेतलं रक्तही लालच असतं, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं. पण डोळ्यांना सवय माझ्या निळ्याची.

“मॅडम, मी घरी परत जाते. मला नाही जमायचं हे.”

“अगं, निळा रंग नुसता ओळखीपुरता असतो,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी बाही वर केली. “घे, माझं काढ.”

“नको ना, मॅडम.”

“मग त्या आजोबांसमोर पुन्हा उभी कशी राहशील?”

तिने पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई टोचली.

“दुखतंय का?”

“दुखतंय. पण तू थांबू नकोस.”

नळीत गडद, काळपट लाल रक्त चढलं. तिने आधी पट्टा सोडला, मग सुई काढून कापूस दाबून धरला. मॅडमनी नळी माझ्या पडद्याशेजारी धरली. खरं रक्त मी पहिल्यांदाच पाहत होतो. मुलीने डोळे पुसले, हात धुतले आणि ती आजोबांची माफी मागायला वॉर्डात गेली.

मित्रांनो, अधूनमधून माझी धूळ पुसा, मला वापरत राहा. माझं हृदय हवं तितक्या वेळा बंद पाडा, मी रागावणार नाही. मला काहीच दुखत नाही. पण ज्याला दुखतं त्याच्यापाशी जाल, तेव्हा मला विसरा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघा.