कंसातल्या बारा ओळी

"म्हंजे ह्या ओळी मार्कानं लिवल्याच नाही?" खेमसिंगनं विचारलं.

"नाही, काका. सगळ्यात जुन्या दोन हस्तलिखितांत त्या नाहीतच," रंजिता म्हणाली. "तिथं गोष्ट येशूच्या रिकाम्या थडग्यापाशी संपते. बाया घाबरून पळतात, कोणाला काही सांगत नाहीत. बस. पुढच्या बारा ओळी मागाहून कोणीतरी जोडल्या."

रंजिता त्याच्या भावाची मुलगी. नागपूरला धर्मशास्त्र शिकत होती, नाताळच्या सुट्टीत फुलसावंगीजवळच्या तांड्यावर आली होती. टिनाच्या खोलीतली रविवारची प्रार्थना नुकतीच आटोपली होती. माणसं अकराच. सातवीपर्यंतच्या शिक्षणावर, शेती सांभाळून, खेमसिंग वीस वर्षं ती चालवत होता. आज त्यानं नेमका बायबलातल्या मार्कच्या पुस्तकाचा तो शेवटचा अध्याय वाचला आणि रंजिताला राहवलं नाही. याच विषयावर तिचा निबंध चालू होता.

"कोणं जोडल्या?"

"माहीत नाही. मार्क हे नावसुद्धा पुस्तकाच्या मजकुरात लेखक म्हणून कुठं येत नाही. तेही मागाहून लागलं, असं पुष्कळ जण म्हणतात. वाद चालूच आहेत."

"वाद हायेत म्हंजे पक्कं नाही," तो घाईनं म्हणाला.

"नावाबद्दल वाद आहे, काका. या ओळींबद्दल मात्र बहुतेकांचं एकमत आहे. पाहा ना, तुमच्याच पुस्तकात त्या कंसात टाकल्यात."

कंस त्यानं कितीदा पाहिला होता. वचन मोठं आहे, जपून वाचा, एवढ्यासाठी तो असेल असं तो समजत आला होता.

"अन् थे विषाचं? विश्वासवाल्याच्या पोटात विष गेलं तरी बाधत नाही, हात ठेवला का आजारी माणूस बरा होते, थे?"

"तेही त्यातच."

त्याची बायको भुरीबाई चुलीपुढं भाकरी थापत होती; तिचा हात थांबला.

आठ वर्षांपूर्वी, पोळा झाल्यावर, त्यांचा मुलगा जीवन कपाशीवर फवारणी करून दुपारीच घरी आला. डोळ्यांपुढं अंधारी, तोंडाला फेस. शेजारच्या धनसिंगचा ऑटो दारात उभा होता. "चाला, दवाखान्यात नेऊ," भुरीबाई म्हणत राहिली. खेमसिंगनं मुलाच्या कपाळावर हात ठेवून त्या ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. दिवस कलला तेव्हा तो स्वतःच ऑटोकडं धावला. यवतमाळला डॉक्टर एवढंच म्हणाले की उशीर झाला. जीवन तेवीस वर्षांचा होता. आपलाच विश्वास कमी पडला, असं खेमसिंगनं तेव्हापासून धरून ठेवलं होतं. दर रविवारी तो त्याचीच माफी मागायचा.

रंजिताला फवारणीचं ठाऊक होतं. वाचनाचं नव्हतं.

भुरीबाई उठून जवळ आली. "पोरी, हे लोकायले कवा समजलं?"

"दीडशे वर्षं तरी झाली असतील, काकी. शिकलेल्या पाळकांना माहीत असतं."

"मंग आमाले कोणं काहून नाही सांगतलं?"

जीवनच्या वेळी काय झालं असेल ते दोघांच्या चेहऱ्यांवरून रंजिताला हळूहळू कळत गेलं. "काका, मला खरंच..." तिनं सुरुवात केली. खेमसिंगनं मान हलवून तिला थांबवलं.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. पलीकडच्या तांड्यावरचा भीमराज होता. मागं त्याची बायको, तिच्या मांडीवर चार-पाच वर्षांची मुलगी. पोरगी तापानं फणफणत होती.

"पाच दिस झाले, पास्टर. हात ठेवा."

खेमसिंग दारातच उभा राहिला. "दवाखान्यात ने, भीमराज. आत्ताच ने."

"नेतो ना. आधी प्रार्थना करा."

"माह्या हातात काही नाही. नव्हतंच."

भीमराजनं मोटारसायकल वळवली. मग बायकोला म्हणाला, "चाल, पल्याडच्या गावातल्या त्या नव्या पास्टरकडं जाऊ. थो हात ठेवते."

"अरे बाप्पा, दवाखान्यात ने तिले!" भुरीबाई ओरडत रस्त्यापर्यंत धावली. खेमसिंगही मागून गेला. मोटारसायकल फाट्यापाशी पोचली होती. दवाखाना उजवीकडे होता. ती क्षणभर थांबली आणि डावीकडे वळली.