गोदाकाकींची जीभ

आमच्या केळशीच्या घरी पाडव्याच्या साखरेच्या गाठी बनतात म्हटलं की नवखी माणसं आधी माझ्या नावाकडे बघतात. रझिया आणि गाठी? बघोत बापडी. सासऱ्यांच्या वेळेपासून खेडच्या बाजारात आमच्याच गाठी जातात. त्यांनी घालून दिलेला नियम एकच, विहिरीचं पाणी चाखल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही. विहीर खाडीजवळ. उन्हाळा लागला की तिच्यात खार कधी उतरेल सांगता येत नाही, आणि नळाला येतं ते जेमतेम पिण्यापुरतं.

गेली तीन वर्षं पाडवा रमजानात येतोय. रोजा धरून चाखणार कोण? म्हणून शेजारच्या गोदाकाकी सकाळी येतात. भांडंभर पाणी पितात, मग पाकाचा थेंब जिभेवर ठेवतात. "तुमचा रोजा नि माजी मजा," म्हणून हसतात. घरात दुसरं कोणी नाही, त्यांचा दिवस त्या थेंबानेच सुरू होतो. यंदा दिवाळीतल्या तापानंतर पार खंगल्या होत्या, तरी आल्या. रोज म्हणाल्या, "गोड हाय गो."

यंदा गाठी सुकेनात. साच्यातून काढल्यावरही हाताला चिकटायच्या. माझा नवरा अयूब म्हणाला, हवा दमट आहे. मीही मान डोलावली. गावापुरत्या गाठी शेवटी करायच्या ठेवून बाकी सगळा माल खोक्यांत भरून आम्ही खेडच्या व्यापाऱ्याकडे, हर्षदशेटकडे पाठवून दिला.

पाडवा दोन दिवसांवर आला. त्या संध्याकाळी रोजा सोडायला बसलो तर खजूर संपलेला. दिवसभर साखरेच्या वाफेत राहिल्यावर आम्ही कोणी गोडाला हात लावत नाही, पण तेव्हा मागे राहिलेल्या गाठीचा तुकडा मी तोंडात टाकला. खारट. अयूबला दिला. तो चावता चावता थांबला. मी विहिरीवर जाऊन पाणी काढलं, प्यायले. तेही खारं. शिमग्याच्या उधाणाला खाडी आत शिरली असणार. म्हणजे पंधरा दिवसांचा सगळा माल गेला.

हर्षदशेटला फोन लावला. माल दुकानादुकानांत पोचला होता, गावोगावी विकलाही गेला होता. "आता कोणाकोणाच्या घरून परत आणू, भाभी? पोरं गळ्यातली गाठी चाटणार नि थुंकणार. पुढच्या वर्षी मी तुमचं नाव कुठल्या तोंडानं घेऊ?" नव्याने करायला गोडं पाणी नव्हतं, वेळही नव्हता. सासऱ्यांनी जन्मभर जपलेलं नाव माझ्या हातून गेलं, आणि मला नुसतं बघत बसावं लागणार होतं.

मग डोकं फिरलं. एक गाठी उचलली आणि तडक काकींच्या ओटीवर गेले. एवढी वर्षं विश्वास ठेवला, आणि या बाईने चाखल्याचं नाटक केलं? "काकी, ही खाऊन बघा," मी म्हटलं. आवाज चढलेलाच होता.

त्यांनी तुकडा मोडला, हळूहळू चघळला. गाठीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"गोड..." म्हणाल्या आणि थांबल्या. "गोडच हाय ना गो?"

तेव्हा मला रोजची सकाळ आठवली. थेंब जिभेवर ठेवला की त्या आधी माझ्याकडे बघायच्या, आणि भट्टीची घाई असलेली मी, त्या काही बोलायच्या आतच मान हलवायचे. तापाने त्यांची चव नेली होती. हे सांगितलं तर उद्यापासून कोण बोलावणार, म्हणून त्या गप्प राहिल्या असणार. फार वाईट वाटलं. राग कुणावर काढायचा तेही कळेना.

"गोड आहे, काकी."

"मंग झालं तर." त्यांचा चेहरा सैल पडला. "गावातल्या गाठी अजून व्हायच्यात ना? उद्या कवा येऊ?"

ओटीवरून दिसत होतं, घरी अयूब यंदापुरती विझवलेल्या भट्टीतली राख काढून टाकत होता.

"रोजच्याच वेळेला या," मी म्हटलं.