जोर लावणाऱ्यांची पट्टी

मी टायर उतरवायची लोखंडी पट्टी बोलतेय. लांबी वीतभर, टोक चपटं, स्वभाव सरळ. आम्ही जुळ्या बहिणी होतो. दुसरीला घरच्यांनी रंगाचा डबा उघडायला नेलं, ती काही परत आली नाही.

माझे मालक म्हणजे या घरचे सासरे. मोटरसायकलचा टायर घरीच बदलायचा, हा त्यांचा बाणा. गाडी मात्र आता सून चालवते. त्या दिवशी दुपारी तिला घरोघर औषधं पोचवायच्या कामावर रुजू व्हायचं होतं. गाडी नसेल तर येऊ नका, असं साहेबानं आधीच बजावलेलं.

सकाळी अंगणात चाक आडवं पडलं. सासरे स्टुलावर बसले, नवा टायर रिमवर चढवायला घेतला आणि शेवटच्या टप्प्यात दात-ओठ खाऊन मला दाबलं. आतली ट्यूब माझ्या आणि रिमच्या मधे चिमटली. फुस्स.

"ट्यूबच बोगस," सासरे म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं. तसं ते अंगण वाकडंच होतं म्हणा.

दुसरी ट्यूबही तशीच गेली. घरात आता एकच उरली. सासऱ्यांनी मला खाली ठेवलं.

"मेकॅनिककडे ने बाई. माझ्याच्यानं नाही होत आता."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"तिथं रांग असेल, बाबा," सून म्हणाली. " तुम्ही पट्टी धरा, मी समोर बसते."

तिनं ट्यूबमध्ये थोडी हवा भरली, म्हणजे ती घडी पडून मधे येत नाही. काठाला साबणाचं पाणी फासलं. मग माझ्या समोरच्या बाजूला टायरवर दोन्ही गुडघे रोवले. तिकडचा काठ रिमच्या खोलगट भागात उतरला, इकडे ढिलाई आली. सासऱ्यांनी मला नुसतं उचललं आणि टायर गुपचूप रिमवर बसला.

सासऱ्यांना ही युक्ती ठाऊक नव्हती असं नाही. वर्षानुवर्षं ते स्वतःच असे गुडघे टेकायचे. आता गुडघे वाकत नाहीत, हे घरात सांगायचं नव्हतं. म्हणून सगळा जोर माझ्यावर.

सून वेळेवर निघाली. मी हल्ली तिच्याच गाडीच्या हत्यारपेटीत असते. चाक आडवं पडलं की दोघं समोरासमोर बसतात.

तेव्हा मंडळी, टायर खुशाल घरी बदला. साबण लावा, ट्यूबमध्ये थोडी हवा ठेवा. आणि गुडघे दुखत असतील तर बोला की. आम्हा लोखंडाला काय सांगताय, घरच्यांना सांगा.