बोटांनी निवडलेले जोंधळे

"वेंधळी म्हनू देत पोरी, आंधळी म्हनू देऊ नगंस."

सासरी निघताना आईने कानाशी पुटपुटलेले ते शब्द सोजरबाईने जन्मभर पदरात बांधून ठेवले. मुलीचे डोळे अधू म्हटले की सासरची गाडी दारातून माघारी वळे. म्हणून घरोघर लेकींचे दुखणे हळदीखाली झाकले जाई. भाकरीत खडा लागला की सासू चिमटा उगारी, नवरा ताट भिरकावी. सोजरबाई मान खाली घाली. तिला एका दिव्याचे तीन दिवे दिसतात, हे नवरा मेला तरी त्याला कळले नाही.

परवा तिचा लेक कोंडीबा, सोलापुरात गिरणीत कामाला असलेला, तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

"मोतीबिंदू नाही, आजी. बुबुळ पातळ होऊन टोकासारखं पुढं आलंय. हे तरुणपणीच सुरू होतं. तुम्हाला कधीपासून? घरात आणखी कुणाला?"

"म्हातारपनाचं हाय. दुसऱ्या कुनाला न्हाय," ती म्हणाली.

आज तिच्या नातीला, कोंडीबाच्या वच्छलेला, बघायला माढ्याची मंडळी आली होती. मुलाच्या आईने, गोजरबाईने, ओच्यातले जोंधळे सुपात ओतले. खडे वेचायला लावून मुलीचा हात नि डोळा पारखायचा, ही त्यांच्याकडची रीत.

"आमच्या घरचं निवड बाई. तुमच्या घरचं तुझ्या आयनं आदीच पाखडून ठिवलं आसंल!"

"आमी काय लबाड हाय व्हय?" कोंडीबा हसला. सगळेच हसले.

सोजरबाई नातीला खेटून बसली होती. तिने चेहरा अगदी जवळ नेला. पोरीची नजर सुपात नव्हतीच. बोटे तेवढी दाण्यांतून सरकत होती, थबकत होती, खडा बाजूला सारत होती. हे तिला कुणी शिकवले नव्हते. सोजरबाईलाही कुणी शिकवले नव्हते.

"एक खडा ऱ्हायला न्हाय की! लई चलाख पोर. आना साखर, सोयरीक पक्की," गोजरबाई म्हणाली.

वच्छलेची आई साखरेची वाटी घेऊन आली. सोजरबाईने नातीचे मनगट धरले नि तिच्या कानाशी विचारले.

"एकाचे किती दिसत्यात गं?"

"दोन... कवा तीन," पोर पुटपुटली.

"सांगू?"

वच्छलेने मान डोलावली नि आजीचे बोट घट्ट आवळले.

दिसतंय, दिसतंय असे दाखवून दाखवून सोजरबाई शिणून गेली होती. ज्या घरात लेकीच्या दुखण्याला औषधाआधी पडदा मिळतो, त्या घराला लेकीने माहेर कसे म्हणावे?

"बाई, साखर जरा थांबवा."

"आये, गप की!" कोंडीबा दबक्या आवाजात खेकसला.

"लई वर्सं गप ऱ्हायले, बाबा. पोरीला एकाचे तीन दिसत्यात. मलाबी तिच्यायेवढी हुते तवापासनं तसंच दिसतंय. डाक्तरला खोटं बोलले मी. आदी तिला दवाखान्यात नेऊ. आन् बाई, सून म्हनून न्यायचीच आसंल, तर ह्या डोळ्यांसकट न्या."