तोच चेहरा, दुसरा कॅमेरा

"मावशी, आज कुंकू नाही लावलं?" उत्कर्षाने कॅमेऱ्यामागून विचारलं.

यमुनाबाई स्टुलावर बसून होत्या. सिनेमा शिकवणाऱ्या त्या संस्थेत त्या झाडू मारायच्या, आणि अकरा वर्षं मुलांच्या लायटिंगच्या सरावाला चेहराही द्यायच्या. सावळा रंग, गालावर देवीचे वण. सर म्हणायचे, या चेहऱ्यावर उजेड जमला की कुठेही जमला. सरांचं काय जातंय म्हणायला! तासन्‌तास न हलता बसायचं यमुनाबाईंनी.

"मालक गेले, ताई. सतरा दिवस झाले," त्या म्हणाल्या. पाणी गेलंय सांगावं, तशा सुरात.

"अगं बाई! मला कुणी सांगितलंच नाही."

सांगणार कोण? झाडूवालीच्या नवऱ्याची नोटीस थोडीच लागते.

पण पंचाईत मोठी होती. तीन आठवड्यांपूर्वी उत्कर्षाने त्यांना फिल्मच्या कॅमेऱ्यावर टिपलं होतं. आज तोच चेहरा, तीच साडी, तोच उजेड नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर घ्यायचा होता. दोन्हींची तुलना हीच तिची परीक्षा, आणि कॅमेरा संध्याकाळी मुंबईला परत जाणार. गळ्याभोवती पदर होता, त्यामुळे मंगळसूत्राचं निभावलं असतं. कुंकवाचं काय?

"राहू दे, मावशी. नापास तर नापास," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

यमुनाबाई बघत राहिल्या. या पोरीला रडू येतं, मग आपल्याला का येत नाही? विश्रांतवाडीच्या खोलीत बायकांनी कपाळ पुसलं, बांगड्या फोडल्या, तेव्हाही त्या अशाच बसून होत्या. जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली होती, "दगडाची हाय ही बया."

"आणा ती मेकअपच्या पेटीतली कुंकवाची डबी."

"नको, मावशी. लोक काय म्हणतील?"

"लोक येतेत का इथं बघायला? आणा."

त्यांनी आरशात बघून कुंकू लावलं. मग पदर सारखा करून चेहरा उजेडाकडे केला.

दुपारी सरांनी दोन्ही चेहरे पडद्यावर शेजारीशेजारी लावले. "वा! अजिबात फरक नाही. यमुनाबाई, तुम्हीच सांगा, आधीची कुठली?"

उत्कर्षाने मान खाली घातली. यमुनाबाईंनी लगेच डावीकडे बोट दाखवलं.

"बरोबर! कसं ओळखलंत?"

"हिला घरी जायची घाई हाय, सर. दोघांच्या भाकरी थापायच्यात."

सर मोठ्याने हसले.

यमुनाबाई नळावर गेल्या. त्या दिवशी बायकांनी पुसलं होतं. आज त्यांनी स्वतःच पदराचं टोक भिजवलं आणि सावकाश कपाळ पुसलं. मग झाडू उचलला. अर्धा व्हरांडा अजून झाडायचा होता.