लाल बादलीतले पाणी

मित्रांनो, मी माशांची एक काचेची टाकी आहे. स्वतःला जुनी म्हणवून घ्यायचा मला खरे तर हक्क नाही, कारण मला या भिंतीत बसवून अजून वर्षही झालेले नाही. पण माझ्यातले पाणी गेले, दिवा बंद झाला आणि मागच्या आठवड्यात कुणीतरी माझ्यात दोन लग्नपत्रिका ठेवून गेले. एवढे सोसले की कुणीही म्हातारे होते.

माझा जन्म नाशिकच्याच एका काचेच्या कारखान्यात झाला. पाच काचा चिकटवून मला उभे केले आणि पाण्याने भरून दिवसभर ठेवले. एक थेंबही गळला नाही. "टाकी एक नंबर झाली," असे कारागीर म्हणाला. ते माझे पहिले कौतुक. तेव्हा मी भारीच फुशारले होते.

गंगापूर रोडला रविराज आणि संजना यांनी नवा फ्लॅट घेतला होता. हॉल आणि जेवणाची खोली यांच्या मधल्या भिंतीत मला बसवायचे ठरले. म्हणजे सोफ्यावरूनही मासे दिसतील आणि जेवतानाही. दोघांनी आयुष्यात कधी मासा पाळलेला नव्हता, पण हौस दांडगी! तीन महिने घरात माझाच विषय होता. दिवा निळा हवा की पांढरा, खडे कोणत्या रंगाचे, मागच्या काचेवर कोणते चित्र, दिशा बरोबर आहे ना. मोबाईलवर शेकडो फोटो बघून झाले. पाण्याबद्दल मात्र कुणी एक शब्द बोलले नाही. पाणी काय, नळाला येतेच.

रंगनाथ मिस्त्रींनी तेवढे एकदा विचारले होते, "साहेब, वरून हात घालायला जागा किती सोडू? साफसफाई करावी लागंल ना?"

"काही दिसायला नको, मिस्त्री. भिंतीला एकदम लेव्हल पाहिजे," रविराज म्हणाला.

मग माझ्या डोक्यावर फक्त वीतभर लांब आणि चार बोटे रुंद अशी फट उरली. मोठ्या माणसाचा पंजा तिच्यात अडकायचा. घरात दोघांचेच हात आत जात. एक चौथीतल्या वेदिकाचा, म्हणजे या घरातल्या लेकीचा, आणि दुसरा तिच्या आबांचा.

आबा म्हणजे रविराजचे वडील, सावळीराम. निफाडला त्यांनी जन्मभर द्राक्षबाग सांभाळली. छातीचे दुखणे निघाल्यावर मुलाने त्यांना दवाखाना जवळ म्हणून इकडे आणले. त्यांचे हात वाळून पार काटकुळे झाले होते.

वास्तुशांतीच्या दिवशी मुहूर्त सकाळी दहा बावीसचा होता. त्याच मुहूर्तावर मासे सोडायचे, आठ सोनेरी आणि एक काळा. मला तासाभरापूर्वी नळाला पाईप लावून भरले होते. आबांनी फटीशी नाक नेले आणि म्हणाले, "रवी, पाण्याला पावडरीचा वास येतोय. आपण विहिरीत जंतू मारायची पावडर टाकली की दोन दिवस पाणी काढत नसू. हे बी दोन दिवस उभं राहू दे."

"आबा, पाहुणे जमलेत. मुहूर्त परत कुठून आणू?" रविराज म्हणाला. शुभ दिवशी वाद नको म्हणून आबा मागे सरले. मग आबांची बहीण कुसाबाई पुढे झाल्या. त्यांनी गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरून, भरून आणलेला तांब्या हळदकुंकू टाकून माझ्यात ओतला आणि मासे सुटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे फोटो तर इतके निघाले की काच दुखायची राहिली.

तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखे पांढुरके झाले. चौथ्या दिवशी एक सोनेरी मासा पोट वर करून तरंगू लागला. वेदिका हमसून रडू लागली. कुसाबाईंनी तिला जवळ घेतले.

"रडू नको गं पोरी. मासा मेला म्हंजे घरावरचं काहीतरी संकट घेऊन गेला. लय पुण्याचं काम केलं त्यानं."

मित्रांनो, त्या माउलीच्या मनात काही वाईट नव्हते. पण त्या एका वाक्याने माझ्या माशांचा घात केला. मासा का मेला, हे मग कुणी विचारलेच नाही. रविराजने संध्याकाळी नवा मासा आणून नऊ पुरे केले. तोही गेला. आणखी दोन गेले. "बघ, घरावर केवढं होतं!" असे म्हणून सगळ्यांनी हात जोडले. मी मात्र संतापाने आतून उकळत होते. अहो, संकट कसले, पाणी बघा पाणी! पण काचेला कुठले तोंड?

असे करत सगळे सोनेरी गेले आणि शेवटी एकटा काळा उरला. वेदिकाने त्याचे नाव काळू ठेवले होते. तेव्हा आबाच उठले. त्यांनी गॅलरीत दोन बादल्या ठेवल्या, एक लाल आणि एक निळी. नळाचे पाणी भरायचे, वर जुन्या धोतराचे फडके बांधायचे आणि दोन दिवस हात लावायचा नाही. मग माझ्यातले चार तांबे पाणी नळीने काढायचे आणि उभ्या पाण्याचे चार तांबे घालायचे.

"सगळं एकदम बदलायचं नाय बरं का," ते वेदिकाला सांगत. "बागेत एका दिवसात सगळी माती बदलली तर वेल जगंल का?"

ती स्टुलावर उभी राहून फटीतून तांब्या ओतायची आणि आबा खालून स्टूल धरायचे. महिन्याभरात मी लख्ख झाले. काळू शेपटी उडवत माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडू लागला. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस तेवढेच.

मग एका सकाळी आबांची छाती पुन्हा भरून आली. दवाखान्यात निघण्याआधीही त्या माणसाने हट्टाने दोन्ही बादल्या भरल्या. "परवा निळीतलं घाल. मग लालमधलं. मी आलोच," एवढे सांगून ते लिफ्टकडे गेले.

वेदिकाने सांगितल्याप्रमाणे निळ्या बादलीतले चार तांबे घातले. मग काचेला नाक लावून ती काळूशी बोलू लागली.

"काळू, ऐक ना. कुसाआजी म्हणते मासा संकट घेऊन जातो. तू आबांचं घेऊन जा. मी खूप रडेन. पण तू जा."

दोन दिवस ती हेच सांगत होती. एका हाताने त्याला दाणे टाकायची आणि त्यालाच जा म्हणायची. एवढ्याशा पोरीने केवढे ओझे उचलले होते! मला तडा कसा गेला नाही, याचे आजही नवल वाटते.

काळू मेला नाही. तो मरणार कसा? आबांनीच त्याचे पाणी राखले होते. गेले ते आबा, चौथ्या दिवशी दुपारी.

घर माणसांनी भरले. त्या गर्दीतून वेदिका माझ्यापाशी आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. "तू का नाही गेलास?" असे तिने काळूला विचारले आणि पाठ फिरवली. त्यानंतर ती माझ्याकडे फिरकली नाही. संजना आठवण झाली की दाणे टाकायची, कधी मूठभर, कधी काहीच नाही. दहाव्याला सगळे गंगेवर जाऊन आले, तोवर माझे पाणी हिरवे पडले होते.

तेराव्याला माणसे येणार म्हणून आदल्या दुपारी रविराजने घर आवरायला घेतले. नळाला पाईप लावला, माझे सगळे पाणी काढले आणि सगळे नवे भरले. पाच पावलांवर गॅलरीत आबांनी भरलेली लाल बादली तशीच उभी होती. त्याचे लक्षच गेले नाही. बाप गेलेला माणूस तो, त्याला तरी काय बोलू?

सकाळी काळू उलटा तरंगत होता. कुसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "गेला बिचारा. घरावरचं घेऊन गेला."

"आता काय घेऊन गेला, कुसाआजी?" वेदिका म्हणाली. "आबा तर आधीच गेले."

रविराजने फटीतून बोटे घालून पाहिली, मग ती नाकाशी नेली. पावडरीचा वास. त्याने मागे वळून गॅलरीकडे पाहिले आणि तो तिथेच खाली बसला.

"त्यानं काही नाही नेलं, वेदू. मी त्याला नळाचं पाणी घातलं. आबांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. सगळे माझ्यामुळे मेले."

"म्हणजे मी जा म्हटलं म्हणून नाही मेला?"

"नाही गं बाळा."

"आणि तो गेला नाही, म्हणून आबा..."

"नाही. आबा त्यांच्या दुखण्यानं गेले."

मग कुठे ती पोर रडली. तेरा दिवसांचे सगळे रडणे तिने बापाच्या खांद्यावर रडून घेतले. कुसाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या वाक्याचा त्यांनी पुन्हा कधी उच्चार केला नाही.

काळूला खाली सोसायटीच्या जास्वंदीपाशी पुरले. मला रिकामे केले. माझ्याबद्दल आता कुणी बोलत नाही. फोटो मात्र अजून कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये असतील.

मित्रांनो, घरात मासे आणायचे असतील तर जरूर आणा. पण मुहूर्त पाण्याला विचारा. हात आत जाईल एवढी जागा ठेवा. आणि एखादा जीव गेला तर तो का गेला, हे शोधा. त्याच्यावर आपली संकटे लादून मोकळे होऊ नका. ते एवढेसे जीव असतात, त्यांना स्वतःचेच पुरे असते.

समोर गॅलरीचे दार उघडे आहे. लाल बादलीवर धोतराचे फडके अजून तसेच बांधलेले आहे, कारण आबांच्या हातचे पाणी ओतून द्यायला कुणाचाच हात धजत नाही. वेदिका शाळेतून आली की फडके ताणून नीट करते आणि आत जाते. त्या पाण्यातला वास केव्हाच उडून गेला आहे. मासा सोडावा असे पाणी या घरात आता झाले आहे.